पोपटाला वास येतोय? आधी तो कुठून येतोय ते शोधा

निरोगी पोपटाच्या विष्ठेला वास जवळजवळ नसतोच. कोंबड्यांचं खुराडं जवळून पाहिलेल्यांना हे पटकन पटत नाही, कारण तिथला दर्प त्यांच्या नाकात बसलेला असतो. पण फरक शरीररचनेतच आहे. कोंबडीच्या आतड्याला दोन मोठे अंधनाल, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या पिशवीसारख्या नळ्या, असतात. त्यांत चोथा बराच वेळ आंबत राहतो आणि दिवसातून काही वेळा तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा वेगळी बाहेर पडते. पोपटाच्या पोटात ही व्यवस्थाच नाही. खाल्लेलं काही तासांत पचून बाहेर येतं, त्याला आंबायला वेळही मिळत नाही आणि जागाही. म्हणून पिंजऱ्याजवळ जाताच नाकाला काही झोंबलं, तर ‘पक्षी पाळला की वास यायचाच’ असं म्हणून खिडकी उघडून मोकळे होऊ नका. त्या वासाला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा सापडतं.

शोधण्याची घाई एवढ्यासाठी की पोपट आजार लपवतो. रानात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे अंगात बळ आहे तोवर तो बोलतो, दाणे फोडल्यासारखं करतो, खेळतो. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. वास, विष्ठा आणि वजन या तीन गोष्टी मात्र त्याला लपवता येत नाहीत.

पहिली पायरी: नेहमीचा वास ओळखीचा करून घ्या

पोपटांच्या अंगाला जातीप्रमाणे मंद वास असतो. आफ्रिकन ग्रे, कॉकाटील आणि काकाकुवा यांना बारीक पांढरी भुकटी तयार करणारी खास पिसं असतात, त्यामुळे त्यांच्या मानेजवळ नाक नेलं की कोरड्या पावडरचा वास येतो. ॲमेझॉन आणि पायोनस जातींचा वास कस्तुरीकडे झुकणारा, थोडा गोडसर असतो. न्यूझीलंडचा काकापो, जो उडतच नाही, त्याच्या अंगाचा वास तर पाहणाऱ्यांना लांबूनही जाणवतो. हे सगळं नैसर्गिक आहे, त्यावर उपाय शोधायचा नसतो.

रोज सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढताना दोन क्षण थांबून वास घ्यायची सवय लावा. आठवड्याभरात आपल्या पक्ष्याचा वास नाकाला पाठ होतो. मग बदल झाला की तो शब्दांत सांगता आला नाही तरी जाणवतो.

बहुतेक पोपटांच्या शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, तेलाची छोटी ग्रंथी असते. पक्षी तिथे चोच घासून तेल पिसांना लावतो. ती तुंबली किंवा तिला संसर्ग झाला की तिथे सूज येते आणि खवट वास येतो. ॲमेझॉन पोपटांना ही ग्रंथी नसते, त्यामुळे त्यांच्यात ती सापडली नाही म्हणून घाबरू नका.

दुसरी पायरी: पक्षी आणि पिंजरा वेगळे करून पाहा

वास आला की माणूस आधी पक्ष्याकडे बघतो. मीही तेच केलं होतं. माझ्या कॉकाटीलच्या पिंजऱ्यातून तीन दिवस आंबूस वास येत होता. विष्ठा नीट, वजन जागच्या जागी, खाणं चांगलं, तरी वास जाईना. शेवटी पक्ष्याला दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि पिंजऱ्यातली एकेक वस्तू काढून नाकाशी नेली. खाण्याची वाटी स्वच्छ होती, पण ती जिथे अडकवली जाते त्या कडीत आणि गजाच्या सांध्यात मोड आलेल्या धान्याचा एक घास चिकटून बसला होता. वरून वाळलेला, आतून काळपट आणि लिबलिबीत. माचीसची काडी घातली तर तार सुटली. त्या दिवसापासून वाटीबरोबर कडीही धुते.

तुम्हीही असंच करा. खालचा ट्रे, जाळी, वाट्या, बसायच्या दांड्या, खेळणी, सगळं वेगवेगळं हुंगून बघा. लाकडी दांडीला चिरा असतील तर तिथे विष्ठा आणि फळाचा रस मुरतो. पाण्याच्या वाटीत आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे आणि नुसतं पाणी बदलून तो जात नाही, घासावा लागतो. पाण्याची वाटी दांडीच्या बरोबर खाली असेल तर पक्षी त्यातच शिटतो आणि तेच पाणी पितो. वाटीची जागा बदलणं हा फुकटचा आणि फार गुणकारी उपाय आहे.

तळाला साधा कागद घाला आणि रोज बदला. मक्याच्या कणसाचा भुगा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा दिसायला छान असतो, पण ओलावा धरला की त्यात बुरशी वाढते आणि तिचे कण पक्ष्याच्या फुप्फुसांत जातात. शिवाय कागदावर विष्ठा स्वच्छ दिसते, ती भुशात दिसत नाही.

पिंजरा गरम पाणी आणि भांडी धुण्याच्या साबणाने धुवा, नीट खळबळा आणि पूर्ण वाळवा. ब्लीच वापरलंच तर पातळ करून, पक्षी दुसऱ्या खोलीत असताना, आणि व्हिनेगरबरोबर कधीही नाही, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. वास झाकायला एअर फ्रेशनर, सुगंधी मेणबत्ती किंवा अत्तर वापरू नका. पोपटाची श्वसनसंस्था अतिशय नाजूक असते. तापून धूर आलेल्या नॉनस्टिक तव्यातल्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावतात, ते याच कारणाने.

पक्षी दुसऱ्या खोलीत नेल्यावर वास त्याच्याबरोबर गेला, तर मात्र कारण त्याच्या शरीरात आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठी.

तिसरी पायरी: विष्ठा वाचायला शिका

पांढरा साधा कागद तळाला पसरा आणि दोन तासांनी बघा. पोपटाच्या एका विष्ठेत तीन भाग असतात. मध्ये हिरवट किंवा तपकिरी, वळलेल्या दोऱ्यासारखा मळ. त्यावर किंवा बाजूला खडूसारखा पांढरा भाग, म्हणजे मूत्रपिंडातून आलेलं यूरिक आम्ल. आणि भोवती कागदात मुरणारं स्वच्छ पाणी, म्हणजे लघवी. तिन्ही एकाच दारातून, अवस्करातून, एकत्र बाहेर येतात.

इथे नवखे लोक हमखास फसतात. कागद ओला दिसला की ‘जुलाब झाले’ म्हणतात. मळाचा दोरा जागच्या जागी, नीट वळलेला असेल आणि फक्त पाणी जास्त असेल, तर ते जुलाब नाहीत. रसदार फळं खाल्ली, आंघोळ करताना पाणी प्यायला, प्रवासात घाबरला, तरी असं होतं. काही तासांत ते थांबायला हवं. एक-दोन दिवस तसंच राहिलं आणि पक्षी पाणीही जास्त पीत असेल, तर मूत्रपिंड, यकृत किंवा मधुमेह यांची तपासणी लागते. खरे जुलाब म्हणजे मळच आकार सोडून खिरीसारखा होणं. ते पोपटात तुलनेने कमी दिसतात, आणि दिसले की गंभीर असतात.

रंगाचा अर्थ लावण्याआधी कालचं खाणं आठवा. बीट, डाळिंब, बेरी यांनी विष्ठा लाल-जांभळी होते, रंगीत पेलेटने (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांनी) पेलेटच्या रंगाची. खाण्यात तसं काही नसेल तर हे ध्यानात ठेवा: पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी-हिरवा झाला, तर यकृताकडे बोट जातं. काळी, डांबरासारखी विष्ठा म्हणजे आतड्यात वर कुठेतरी रक्तस्राव, किंवा बराच वेळ उपाशी असलेला पक्षी. ताजं लाल रक्त म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर.

विष्ठेत अख्खे दाणे दिसले तर ती फार महत्त्वाची खूण आहे. पोपट दाणा सोलून खातो, आतलं पेषणीत, म्हणजे जठराच्या दळणाऱ्या भागात, दळलं जातं, त्यामुळे शेवटी दाणा ओळखू येऊ नये. येत असेल तर दळण बिघडलंय. बजींमध्ये (बजरिगर या छोट्या पोपटांमध्ये) याचं एक नेहमीचं कारण म्हणजे जठरात वाढणारं मॅक्रोऱ्हॅब्डस नावाचं यीस्ट. असा पक्षी दिवसभर खाताना दिसतो आणि तरी वाळत जातो. मोठ्या पोपटांत बोर्नाव्हायरसमुळे जठराच्या नसा निकामी होऊन ते फुगतं, तेव्हाही दाणे तसेच बाहेर येतात. शिसं किंवा जस्त पोटात गेल्यानेही पचनमार्ग ठप्प होतो. गंजकी साखळी, स्वस्त घंटा, पडद्याला खाली शिवलेलं वजन या वस्तू पोपट आवडीने कुरतडतात.

आता वासाबद्दल. सकाळची पहिली विष्ठा रात्रभर साठलेली असते, म्हणून मोठी असते आणि तिला किंचित वास येऊ शकतो. अंडी घालण्याच्या तयारीतली किंवा उबवणारी मादी तासन्‌तास विष्ठा रोखून धरते, मग भला मोठा, चांगलाच वास मारणारा गोळा टाकते. तिचा तो काळ सरला की हे थांबतं. पण नेहमीच्या आकाराच्या विष्ठेला कुजका, नाक फिरवायला लावणारा वास येत असेल, तर बहुधा जंतूंचं गणित बिघडलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली रंग देऊन पाहिलं की जंतूंचे ग्राम-पॉझिटिव्ह आणि ग्राम-निगेटिव्ह असे दोन गट पडतात. पोपटाच्या आतड्यात प्रामुख्याने ग्राम-पॉझिटिव्ह जंतू असतात. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास असे ग्राम-निगेटिव्ह जंतू तिथे बोकाळले की वास बदलतो. सर्वांत घाण वास क्लॉस्ट्रिडियमचा. तो बऱ्याचदा अशा पक्ष्यांत सापडतो ज्यांच्या अवस्करात आधीच काही अडचण आहे: मस्से आलेले, किंवा तिथले स्नायू सैल पडलेले. काकाकुवांमध्ये हे विशेष दिसतं. बजी आणि कॉकाटीलमध्ये जियार्डिया नावाचा परजीवीही वासाची, फुगीर, पातळसर विष्ठा करतो, आणि पक्षी अंग खाजवून पिसं उपटू लागतो.

चौथी पायरी: तोंड आणि क्रॉप

तोंडाला येणारा वास मी सगळ्यांत गांभीर्याने घेते. पोपट खांद्यावर बसून जांभई देतो किंवा गालाशी येतो, तेव्हा त्याचा श्वास हुंगून बघा. काहीच वास यायला नको. आंबट, ताकाच्या शिळ्या भांड्यासारखा किंवा यीस्ट फसफसल्यासारखा वास आला, तर नजर क्रॉपकडे वळवा.

क्रॉप म्हणजे मानेच्या तळाशी, छातीच्या वर असलेली पिशवी. खाल्लेलं आधी तिथे साठतं, भिजतं आणि थोडं थोडं खाली जठरात जातं. रात्रीच्या झोपेनंतर ती रिकामी, सपाट असायला हवी. सकाळी, खाणं देण्याआधी, बोटाच्या पेराने अगदी हलकं चाचपून बघा. दाबायचं मुळीच नाही, कारण दाबल्याने आतलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. अजून फुगलेली असेल, पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत किंवा पिठाच्या गोळ्यासारखी लागली आणि तोंडाला आंबट वास असेल, तर अन्न तिथे अडकून आंबतंय. यात कॅन्डिडा नावाचं यीस्ट वाढतं. ते मूळ कारण असू शकतं, किंवा क्रॉपची हालचाल दुसऱ्या कशाने मंदावल्यावर संधी साधून वाढलेलंही असू शकतं. तोंडात जिभेवर किंवा टाळूला पांढरट, दह्यासारखे चट्टे दिसले तर संशय बळावतो.

हाताने भरवायच्या पिलांमध्ये हे सर्वांत जास्त होतं, आणि बहुतेक वेळा भरवणाऱ्याच्या चुकीने. भरवायचं मिश्रण साधारण 39 ते 41 अंश सेल्सिअस असावं, आणि ते थर्मामीटरने मोजावं. हाताच्या अंदाजावर राहू नये. त्याहून थंड असेल तर क्रॉप चालत नाही, 43 अंशांच्या वर गेलं तर आतून भाजतं. मायक्रोवेव्हमध्ये मिश्रण कुठे गार, कुठे कढत राहतं, म्हणून ढवळून पुन्हा मोजा. उरलेलं मिश्रण पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. चोवीस तासांत एकदा तरी क्रॉप पूर्ण रिकामा होऊ द्या. पिलाला ऊब कमी पडत असेल तरी पचन थांबतं, हे विसरू नका.

उलटी आणि लाडाने भरवणं यांत गल्लत करू नका. पोपट मान वरखाली हलवत, आरशापुढे किंवा तुमच्या बोटावर नेमका घास काढून ठेवतो, तेव्हा तो जोडीदाराला भरवतोय. आजारी पक्षी डोकं झटकतो, घास चहूकडे उडतो, डोक्याची आणि गालाची पिसं चिकट होऊन एकमेकांना चिकटतात. त्या पिसांना आंबट वास येतो.

तोंडाच्या दुर्गंधीचं आणखी एक कारण म्हणजे वर्षानुवर्षं फक्त बिया खाणं. बियांत अ जीवनसत्त्व फार कमी असतं. ते कमी पडलं की तोंडातलं नाजूक अस्तर जाड, कोरडं होतं, ग्रंथींची तोंडं बुजतात आणि तिथे पू साठतो. वरून पक्षी गुबगुबीत दिसतो, म्हणून मालकाला शंकाही येत नाही.

पाचवी पायरी: वजनाचा काटा

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा आणि त्यावर बांधलेली छोटी दांडी, इतकं पुरतं. सकाळी, पहिली विष्ठा टाकल्यावर आणि खाण्याआधी वजन घ्या, वहीत लिहा. बजीचं वजन साधारण 30 ते 40 ग्रॅम, कॉकाटीलचं 80 ते 110, आफ्रिकन ग्रेचं 400 ते 500 ग्रॅमच्या आसपास असतं, पण तुमच्या पक्ष्याचा स्वतःचा आकडा महत्त्वाचा. दहा टक्के घट म्हणजे धोक्याची पातळी. 35 ग्रॅमच्या बजीत ती फक्त साडेतीन ग्रॅम असते. पिसांच्या आड ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच रोजचा आकडा डोळ्यांपेक्षा खरा.

घरात काय करायचं, काय नाही

वास अंगातून येतोय हे पक्कं झालं की पक्ष्याला ऊब द्या. पिंजऱ्याच्या एका बाजूला 28 ते 30 अंश, दुसरी बाजू थोडी गार, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सरकता येईल. पंख अंगापासून लांब धरून धापा टाकायला लागला तर ऊब जास्त झाली. ओले, नासणारे पदार्थ बंद करा, त्याचं ओळखीचं कोरडं खाणं समोर ठेवा. पक्षी जास्त वेळ उपाशी राहू शकत नाही. ‘पोटाला आराम’ म्हणून त्याला उपाशी ठेवणं हे माणसांचं शास्त्र आहे, ते इथे जीवावर बेततं.

घरातलं अँटिबायोटिक देऊ नका. हे मी कळकळीने सांगते, कारण आंबट वास जंतूंमुळेही येतो आणि यीस्टमुळेही. जंतूंचं औषध यीस्टच्या आजारात दिलं, तर यीस्टला रोखून धरणारे चांगले जंतू मरतात आणि तो दुप्पट वाढतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत आणि कोणता हवा ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. दूधही नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. पचनासाठी म्हणून वाळूची ग्रिटही नको. दाणा सोलून खाणाऱ्या पोपटाला तिची गरज नसते, आणि आजारी पक्षी ती भसाभसा खाऊन आतडं तुंबवून घेतो.

मागे घाण चिकटली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने सोडवून काढा, ओढू नका. अवस्करातून लालसर मांसल भाग बाहेर आलेला दिसला तर तो सलाइनने ओला ठेवून लगेच निघा.

रोजच्या आहाराबद्दल थोडक्यात. बहुतेक जातींसाठी निम्म्याहून अधिक चांगल्या प्रतीचे पेलेट, बरोबर गडद हिरव्या पालेभाज्या, गाजर, भोपळा, थोडी फळं, आणि बिया मोजक्या. लोरी जातींचा आहार मधुरसाचा असतो, त्यांची विष्ठाही मुळात पातळच असते. बियांवर वाढलेल्या पोपटाला पेलेटवर आणायला आठवडे लागतात, आणि त्या काळात रोज वजन घ्यावंच लागतं, कारण नवं खाणं हे खाणं आहे हेच त्याला कळत नाही. मोड आलेलं धान्य दिवसातून दोन-तीनदा धुवा, आंबूस वास आला तर सगळं टाकून द्या. शिजवलेलं किंवा ओलं खाणं दोन तासांत उचला. बिया आणि दाणे विकत आणल्यावर हुंगून बघा: खवट किंवा कुबट वास आला तर पक्ष्यापुढे जाऊ देऊ नका. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कॉफी, मद्य, कांदा आणि सफरचंदाच्या बिया पूर्ण वर्ज्य.

डॉक्टरांकडे जाताना

पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवा. आंबट किंवा कुजका वास आणि त्याबरोबर उलटी, वजनात घट, अख्खे दाणे, श्वास घेताना शेपटी हलणं, तळाशी बसून राहणं यांपैकी एकही गोष्ट असेल तर उद्यावर ढकलू नका. नुसता वास असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तरी स्वच्छता करून दोन दिवसांत तो गेला नाही तर दाखवाच.

बरोबर काय न्यायचं? निघताना पिंजऱ्याच्या तळाला प्लास्टिकचा स्वच्छ कागद घाला, म्हणजे विष्ठा शोषली न जाता ताजी राहते. जियार्डियासारखे परजीवी नमुना वाळला की हाती लागत नाहीत. वजनाची वही, खाण्याच्या पाकिटाचा फोटो, पिंजऱ्याचा आणि विष्ठेचा फोटो न्या. वास कुठून येतो, कधीपासून आणि कोणत्या वेळी वाढतो, हे दोन ओळींत लिहून ठेवा. परीक्षणात डॉक्टर बहुधा विष्ठेची आणि क्रॉपमधल्या द्रवाची स्लाइड बघतील, गरज पडली तर कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखणं), रक्त, एक्स-रे सांगतील. धातूचा संशय असेल तर एक्स-रेमध्ये तुकडे दिसू शकतात.

विष्ठा पोपटी-हिरवी, पक्षी मलूल, डोळे-नाक वाहतंय, अशा वेळी सिटॅकोसिस या जंतुजन्य रोगाची चाचणी मागा. तो माणसाला लागतो आणि तापासह न्यूमोनिया करतो. घरात कुणाला ताप-खोकला असेल तर त्यांच्या डॉक्टरांनाही घरात पोपट आहे हे सांगा. निकाल येईपर्यंत पिंजरा साफ करताना मास्क लावा आणि विष्ठा आधी पाण्याने भिजवून मग पुसा, कोरडी झाडू नका. याचा डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा उपचार साधारण 45 दिवस चालतो, आणि पक्षी दहाव्या दिवशी टुणटुणीत दिसला तरी तो मध्येच सोडायचा नसतो.

उपचार सुरू असताना सकाळचं वजन आणि वास रोज त्याच वहीत लिहीत जा. औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी विष्ठेची स्लाइड पुन्हा तपासून घ्या, आणि त्या तपासणीला जाताना जुन्या लाकडी दांड्या काढून नव्या लावलेल्या असू द्या, कारण आधीचा संसर्ग त्यांच्या चिरांमध्ये तसाच राहिलेला असू शकतो.